कमल रणदिवे

डॉ. कमल जयसिंग रणदिवे, माहेरच्या कमल समर्थ (जन्म : पुणे, ८ नोव्हेंबर १९१७, मृत्यू : २००१), या भारतीय जीवशास्त्रज्ञ आणि कर्करोग-संशोधक होत्या. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी, संप्रेरकांशी आणि विषाणूंशी असलेला संबंध हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय होता. पीएच.डी.नंतर अमेरिकेतील बाल्टिमोर येथे त्यांनी ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे सजीवाच्या शरीराबाहेर काचपात्रात पेशी जिवंत ठेवून वाढवण्याचे, तंत्र आत्मसात केले आणि मुंबईतील इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर या संस्थेत त्या तंत्राची प्रयोगशाळा उभारली. कुष्ठरोगाच्या जंतूंवरील त्यांचे कामही महत्त्वाचे मानले जाते. भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या त्या संस्थापक होत्या. १९८२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा सन्मान दिला.

बालपण आणि शिक्षण

कमल यांचे वडील दिनकर दत्तात्रय समर्थ हे जीवशास्त्रज्ञ होते आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असत. आईचे नाव शांताबाई. मुलगा असो वा मुलगी, आपल्या प्रत्येक अपत्याने उत्तम शिकले पाहिजे, याविषयी वडिलांचा आग्रह होता. कमल यांचे शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. १८८४ मध्ये सुरू झालेली ही शाळा महाराष्ट्रातील मुलींच्या आद्य माध्यमिक शाळांपैकी एक होय. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुण्यातील ज्या स्त्रिया उच्चशिक्षणाकडे वळल्या, त्यांच्यातील अनेकींच्या चरित्रात या शाळेचे नाव येते.

मुलीने वैद्यकीचे शिक्षण घ्यावे आणि विवाहही एखाद्या डॉक्टरशीच करावा, अशी वडिलांची इच्छा होती. या दोन्ही गोष्टी घडल्या नाहीत. कमल यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय घेऊन विशेष प्रावीण्यासह विज्ञानाची पदवी मिळवली. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ मध्ये त्या एम.एस्‌सी. झाल्या. त्यासाठी त्यांनी निवडलेला विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींचे पेशी-आनुवंशिकीशास्त्र. सीताफळ आणि रामफळ या घरोघरी परिचित असलेल्या फळझाडांच्या कुळातील पेशींमध्ये गुणसूत्रे किती असतात, कशी दिसतात आणि पेशीविभाजनाच्या वेळी कशी वागतात, हे पाहण्याचा तो अभ्यास होता. कर्करोगाच्या संशोधिकेची सुरुवात फळझाडांपासून व्हावी हे वरवर विचित्र वाटेल. परंतु पेशी नीट रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास न्याहाळण्याची शिस्त वनस्पतींच्या आणि प्राण्यांच्या अभ्यासात सारखीच लागते. पेशीचे विभाजन नियमाने कसे होते हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच नियम मोडणारी पेशी ओळखता येते.

१३ मे १९३९ रोजी त्यांचा विवाह गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी झाला आणि त्या मुंबईस आल्या. पदव्युत्तर परीक्षेची तयारी त्यांनी विवाहानंतर केली आणि तीत पतीचे मोठे साहाय्य झाले. त्यांना एक मुलगा होता.

टाटा मेमोरियल आणि खानोलकर

मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांच्याकडे होती. लंडनमध्ये शिकलेले खानोलकर हे भारतातील विकृतिशास्त्राचे, म्हणजे रोगामुळे शरीराच्या ऊतींत होणाऱ्या बदलांच्या शास्त्राचे, प्रवर्तक मानले जातात. कर्करोग हा पाश्चात्यांचा रोग आहे, भारतात तो फारसा आढळत नाही, असा समज त्या काळी बऱ्याच ठिकाणी होता. खानोलकरांनी तपासलेल्या नमुन्यांवरून वेगळे चित्र दिसू लागले. तोंडाचा, घशाचा, स्तनाचा कर्करोग येथेही होता. शिवाय कंबरेला घट्ट नेसलेल्या धोतराच्या काचाने किंवा जळते टोक तोंडात धरून ओढलेल्या चुट्ट्याने होणारे, इतर देशांतील पुस्तकांत न सापडणारे कर्करोगही होते.

कमल रणदिवे याच प्रयोगशाळेत काम करू लागल्या आणि खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या पीएच.डी.साठी संशोधन केले. १९४९ मध्ये त्यांना ही पदवी मिळाली.

उंदरांवरील संशोधन

रणदिवे यांच्या या काळातील कामाचा केंद्रबिंदू उंदरांच्या स्तनग्रंथी हा होता. हे काम समजण्यासाठी त्याची पार्श्वभूमी माहीत असणे आवश्यक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून अमेरिकेत उंदरांचे शुद्ध वाण तयार करण्यात आले होते. सख्ख्या भावंडांचा वीस किंवा अधिक पिढ्या सलग संकर केला, की त्या वाणातील सर्व उंदीर आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकसारखे होतात. यांपैकी काही वाणांच्या माद्यांना स्तनाचा कर्करोग हमखास होई, तर काहींना तो जवळजवळ होतच नसे. हा फरक केवळ आनुवंशिक आहे, असे प्रथम मानले गेले. १९३६ मध्ये जॉन बिटनर या अमेरिकी संशोधकाने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कर्करोगप्रवण वाणाची पिल्ले जन्मताच निरोगी वाणाच्या मादीच्या अंगावर पाजली, तर मोठेपणी त्यांच्यातील कर्करोगाचे प्रमाण फार घटते. म्हणजे मातेच्या दुधातून काहीतरी जात होते. या घटकाला पुढे विषाणू म्हणून मान्यता मिळाली.

तरीही दुधातील घटकाने सगळ्या गोष्टींचा उलगडा होत नव्हता. ज्या माद्यांचे बीजकोश काढून टाकले, त्यांच्यात रोग कमी होई. ज्या वारंवार विणाऱ्या, त्यांच्यात तो अधिक दिसे. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू हे तीन धागे एकमेकांत गुंतलेले होते. खानोलकर आणि रणदिवे यांनी रोगप्रवण आणि रोगप्रतिकारक अशा वेगवेगळ्या वाणांच्या उंदरांतील स्तनग्रंथींची तुलना केली. अशा अभ्यासात गाठ दिसू लागण्यापूर्वीच ग्रंथीच्या रचनेत काही फरक पडतो काय, हा प्रश्न मोलाचा ठरतो, कारण रोग डोळ्यांना दिसतो तेव्हा त्याचा प्रारंभ मागे पडलेला असतो. विषाणू आणि संप्रेरके यांच्या परस्परसंबंधाचा हा मागोवा रणदिवे यांनी पुढे अनेक वर्षे घेतला. पुढील काळात मुंबईच्या संस्थेतच स्तनकर्करोगप्रवण उंदरांचा एक स्वतंत्र वाण विकसित झाला. संस्थेच्या आद्याक्षरांवरून तो आयसीआरसी उंदीर या नावाने जगाच्या वैज्ञानिक वाङ्मयात ओळखला जातो.

उंदरांत सापडलेली ही कारणपरंपरा माणसाला जशीच्या तशी लागू पडत नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. मानवी मातेच्या दुधातून कर्करोगाचा विषाणू बाळाकडे जातो, असे सिद्ध झालेले नाही. संप्रेरकांचा स्तनाच्या कर्करोगावरील प्रभाव मात्र माणसांतही निर्विवाद आहे आणि आजच्या उपचारांचा एक मोठा भाग त्यावरच उभा आहे.

बाल्टिमोर येथील संशोधन

पीएच.डी. मिळाल्यावर खानोलकरांनी आपल्या विद्यार्थिनीला अमेरिकेत जाऊन पुढील संशोधन करण्यास प्रोत्साहन दिले. रणदिवे यांना पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठीची पाठ्यवृत्ती मिळाली आणि त्या बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे (१८९९–१९७०) यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. पदवी मिळवून झालेली असते, परंतु स्वतंत्र प्रयोगशाळा हाती आलेली नसते, असा संशोधकाच्या आयुष्यातील हा मधला टप्पा होय. या टप्प्यावर एखादी नवी विद्या हाताखालून घालून घेण्याची संधी मिळते. रणदिवे यांनी त्यासाठी निवडलेली विद्या भारतात त्या वेळी जवळजवळ अपरिचित होती.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ऊतिसंवर्धनाची परंपरा जुनी होती. बेडकाच्या गर्भातील चेतापेशी शरीराबाहेर काचेवर वाढवून दाखवण्याचा रॉस हॅरिसन यांचा १९०७ मधील प्रसिद्ध प्रयोग याच विद्यापीठातला. जॉर्ज गे आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट हे दांपत्य मानवी कर्कपेशी काचनळीत कायमच्या जिवंत ठेवण्यासाठी वर्षानुवर्षे झटत होते. मार्गारेट या शस्त्रक्रियागृहात प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका होत्या आणि प्रयोगशाळेतील निर्जंतुकतेची कडक शिस्त ही त्यांची देणगी होती. गे हे स्वतः हाताने यंत्रे जुळवणारे गृहस्थ होते. पेशी चिकटलेल्या काचनळ्या बसवलेले आणि अतिशय सावकाश फिरणारे पिंप ही त्यांची विशेष ओळख बनली. ते फिरत असताना नळीतील पेशी आळीपाळीने पोषक द्रवात भिजत आणि हवेत येत. शरीरात पेशींभोवती द्रव जसा सतत खेळता असतो, तसाच तो येथेही राहावा, अशी त्यामागील कल्पना होती.

पेशींचे खाद्यही घरच्या घरीच बनवावे लागे. कोंबडीच्या रक्तातील द्रव, गाईच्या गर्भाचा अर्क आणि प्रसूतीनंतर नाळेतून मिळणाऱ्या रक्तातील रस असे पदार्थ त्यात असत. त्यांतील कशाचे प्रमाण किती असावे याचे ठोस नियम नव्हते. अनुभव हाच आधार होता. कारखान्यात तयार झालेली, सूत्र ठरलेली पोषक द्रव्ये बाजारात सर्रास मिळण्यापूर्वीचा हा काळ आहे. अशा प्रयोगशाळेत शिकणाऱ्याला सूक्ष्मदर्शकाबरोबरच खाटीकखाना, प्रसूतिगृह आणि काचेची भट्टी यांच्याशीही संबंध ठेवावा लागे. रणदिवे यांना पुढे मुंबईत या शिक्षणाचा सर्वाधिक उपयोग झाला असे म्हणता येईल.

याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून घेतलेल्या पेशी अखंड वाढत राहिल्या. हेला या नावाने ओळखली जाणारी ही मानवी पेशींची पहिली चिरंजीव वंशावळ होय. पोलिओच्या लसीच्या चाचणीपासून असंख्य कामांसाठी तिचा वापर झाला. या पेशी घेताना व वापरताना लॅक्स यांची संमती घेण्यात आली नव्हती, ही गोष्ट जगापुढे ठळकपणे येण्यास अनेक दशके जावी लागली. लॅक्स यांचा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मृत्यू झाला. हेलाच्या कीर्तीमुळे रणदिवे यांच्या बाल्टिमोरमधील वास्तव्याचा उल्लेख आज बहुतेक वेळा या पेशींच्या संदर्भात होतो. रणदिवे तेथे गेल्या होत्या त्या मात्र तंत्र शिकण्यासाठी, आणि ते तंत्र घेऊन त्या परत आल्या.

मुंबईतील ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा

भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने १९५२ मध्ये परळ येथे इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर (आयसीआरसी) ही संस्था स्थापन केली. खानोलकर तिचे संस्थापक-संचालक होते. भारतात परतलेल्या रणदिवे या संस्थेत वरिष्ठ संशोधन अधिकारी म्हणून काम पाहू लागल्या. प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊतिसंवर्धनाची अशा दोन प्रयोगशाळा त्यांच्या पुढाकाराने येथे उभ्या राहिल्या. ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा देशातील अशा पहिल्या प्रयोगशाळांमध्ये गणली जाते.

परदेशातून एखादे तंत्र शिकून येणे आणि ते येथे रुजवणे यांत फार अंतर असते. ऊतिसंवर्धन हे या बाबतीत विशेष हट्टी तंत्र आहे. पेशींना शरीराच्या तापमानाइतकी उब अहोरात्र हवी असते. वीज गेली आणि उबवणयंत्र थंड पडले की कित्येक आठवड्यांचे काम वाया जाते. काचसामानावर साबणाचा अंश राहिला तरी पेशी मरतात. पाण्यात धातूचा किंचित अंश असला तरी मरतात. हवेतील बुरशीचा एक कण नळीत पडला तर दोन दिवसांत पेशींच्या जागी बुरशी दिसते. मुंबईच्या पावसाळ्यात हा धोका किती असेल हे सांगावयास नको. पोषक द्रव्ये परदेशातून मागवावीत तर त्यासाठी परकीय चलन हवे, त्याची परवानगी हवी, आणि जहाजाने येईपर्यंत ती टिकावयास हवीत.

रणदिवे यांनी यावर काढलेला मार्ग स्वावलंबनाचा होता. जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र या दोन्ही विषयांतील तरुण साहाय्यक त्यांनी प्रयोगशाळेत घेतले आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस संवर्धनासाठी लागणारी पोषक माध्यमे आणि संबंधित रसायने प्रयोगशाळेतच तयार केली. रणदिवे यांच्या कारकिर्दीचे वर्णन करताना शोधनिबंध आणि पुरस्कार यांनाच प्राधान्य दिले जाते. परंतु ज्या देशात साधन मिळत नाही तेथे साधन बनवणे हेही संशोधनच असते, आणि या माध्यमांशिवाय पुढील निबंध लिहिलेच गेले नसते.

या काळात देशात इतरत्रही अशी धडपड चालू होती. संवर्धनातील जंतुसंसर्ग रोखण्यासाठी पेनिसिलिनसारखी प्रतिजैविके उपयोगी पडतात. आकुर्डीच्या नजीक पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याने देशातच पेनिसिलिन बनवण्यास सुरुवात केली, ती याच दशकात. परळची प्रयोगशाळा आणि पिंपरीचा कारखाना यांची मापे निराळी असली, तरी दोघांपुढील अडचण एकाच जातीची होती.

कुष्ठरोगाचा जिवाणू

ऊतिसंवर्धनाच्या तंत्रामुळे रणदिवे कर्करोगाबाहेरच्या एका जुन्या कोड्याकडे वळल्या. कुष्ठरोगाचा जिवाणू नॉर्वेमधील हान्सेन यांनी १८७३ मध्ये शोधला होता. माणसाच्या रोगांचे जे जिवाणू प्रथम ओळखले गेले, त्यांत त्याचा समावेश होतो. तरीही तो प्रयोगशाळेतील कृत्रिम माध्यमात कोणालाही वाढवता आला नव्हता. जिवाणू वाढवता येत नाही म्हणून त्याची लस बनवता येत नाही आणि औषधांची चाचणीही सहज करता येत नाही, अशी स्थिती होती. खानोलकरांनी कुष्ठरोगात चेतांवर होणाऱ्या परिणामांचा सखोल अभ्यास केला होता. हा जिवाणू चेतांच्या आश्रयाने राहतो, तर चेतापेशींच्या संवर्धनात तो वाढेल, हा तर्क त्यातून पुढे येतो.

सी. व्ही. बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णांच्या गाठींतील जंतू मानवी गर्भाच्या मज्जारज्जूलगतच्या चेतागंडिकांच्या संवर्धनातून मिळवलेल्या माध्यमात वाढवले आणि १९५८ मध्ये त्याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. हा जिवाणू संस्थेच्या नावावरून आयसीआरसी जिवाणू म्हणून ओळखला जाऊ लागला.

या शोधाचे पुढे काय झाले हे समजून घेण्यासारखे आहे, कारण अनेक ठिकाणी रणदिवे यांनी कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढवला किंवा कुष्ठरोगाची लस शोधली, अशी सरसकट विधाने आढळतात. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. कुष्ठरोगाचा मूळ जिवाणू आजतागायत कृत्रिम माध्यमात वाढवता आलेला नाही. १९६० मध्ये तो उंदराच्या पंजात आणि १९७१ मध्ये आर्माडिलो या प्राण्यात वाढवण्यात यश आले, ते जिवंत प्राण्यांत. आयसीआरसी जिवाणू हा कुष्ठरुग्णाच्या शरीरातून मिळालेला, परंतु त्या जिवाणूचा दूरचा भाऊबंद ठरला. तरीही त्याच्या अंगी एक उपयुक्त गुण होता. तो टोचला असता शरीराची प्रतिकारशक्ती कुष्ठरोगाच्या जंतूलाही ओळखू लागे. या गुणाचा आधार घेऊन याच संस्थेतील डॉ. माधव देव यांनी पुढे मारलेल्या आयसीआरसी जिवाणूंपासून लस विकसित केली. दक्षिण भारतात अनेक लशींची तुलना करणारी जी मोठी चाचणी झाली आणि जिचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले, तीत या लशीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे आढळले. ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात सर्वत्र वापरली गेली नाही. तोपर्यंत अनेक औषधे एकत्र देण्याच्या उपचारपद्धतीने रोगाचे प्रमाण झपाट्याने खाली आणले होते. हाती आले ते शोधत होते ते नव्हते, आणि तरीही ते उपयोगी पडले, असे या प्रकरणाचे स्वरूप आहे. रणदिवे यांचा त्यातील वाटा पायाभूत संशोधनाचा आहे. त्यांना लशीचे जनकत्व देणे अचूक ठरणार नाही.

तंबाखू आणि सुपारी

खानोलकरांनी रुग्णांच्या सवयींवरून जे प्रश्न उपस्थित केले होते, त्यांची प्राण्यांवर पडताळणी करण्याचे काम रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. तंबाखू आणि सुपारी यांच्या कर्कजनकतेचा प्रायोगिक अभ्यास हा त्यांचा निबंध १९७६ मध्ये इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर या नियतकालिकात प्रसिद्ध झाला; भारतात विशेषत्वाने आढळणाऱ्या कर्करोगांचा प्रायोगिक अभ्यास हा त्यांच्या दुसऱ्या एका निबंधाचा विषय होता. दुसऱ्या निबंधात तोंडाच्या कर्करोगाबरोबर काश्मीरमधील कांगडी कर्करोगाचाही विचार होता. थंडीत अंगरख्याच्या आत निखाऱ्याची शेगडी बाळगण्याच्या पद्धतीमुळे पोटाच्या व मांड्यांच्या त्वचेवर होणारा हा रोग जगात अन्यत्र क्वचितच दिसतो.

तोंडाच्या कर्करोगाच्या अशा प्रयोगांत हॅम्स्टर हा प्राणी वापरला जातो. या प्राण्याला गालाच्या आत धान्य साठवण्याची पिशवी असते. माणूस जसा गालात तंबाखूची गोळी धरून ठेवतो, तसा पदार्थ त्या पिशवीच्या अस्तरावर दीर्घकाळ लावून परिणाम पाहता येतो.

त्या काळी पानातील दोष तंबाखूचा, सुपारी निरुपद्रवी, असा सर्वसाधारण समज होता. सुपारी तर धर्मकार्यातही लागते आणि जेवणानंतर पाहुण्यांपुढेही ठेवली जाते. सुपारी ही तंबाखूविनाही माणसात कर्करोग निर्माण करते, या निष्कर्षास जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००३ मध्ये मान्यता दिली. महाराष्ट्रात गुटखा आणि पानमसाला यांवर २०१२ मध्ये बंदी आली. १९७६ च्या निबंधापासून ही वाट किती लांबची होती, हे या सनांवरून कळते.

संस्थेचे नेतृत्व

१९६२ मध्ये आयसीआरसी आणि टाटा मेमोरियल रुग्णालय या दोन्हींचे प्रशासन अणुऊर्जा खात्याकडे आले आणि १९६६ मध्ये त्या दोहोंचे मिळून टाटा मेमोरियल सेंटर झाले. संक्रमणाच्या या काळात, १९६६ ते १९७० अशी चार वर्षे, रणदिवे यांनी संशोधन संस्थेच्या हंगामी संचालकपदाची जबाबदारी सांभाळली. कर्करोगाची निर्मिती, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र या विषयांचे नवे विभाग त्यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झाले. स्तनाचा कर्करोग, रक्ताचा कर्करोग आणि अन्ननलिकेचा कर्करोग यांच्या अभ्यासासाठी प्राण्यांतील नमुने तयार करण्यावर त्यांचा भर होता. त्यांच्या नावावर दोनशेहून अधिक शोधनिबंध आहेत. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या संशोधकांत स्त्रियांची संख्या लक्षणीय होती. कर्करोग संशोधन संस्था या नावाने ओळखली जाणारी ही संस्था २००२ मध्ये परळहून नवी मुंबईतील खारघर येथे गेली.

भारतीय महिला वैज्ञानिक संघटना

१९७३ मध्ये रणदिवे यांनी आपल्या अकरा सहकारी स्त्रियांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. विज्ञान शाखेत शिकणाऱ्या मुली तोवर पुष्कळ झाल्या होत्या. विवाह आणि बाळंतपण यांनंतर प्रयोगशाळेत टिकून राहणाऱ्या मात्र थोड्या होत्या. त्यामुळे संघटनेने व्याख्याने आणि परिषदा यांबरोबरच पाळणाघर, नोकरदार स्त्रियांचे वसतिगृह आणि आरोग्यकेंद्र अशी व्यावहारिक कामे हाती घेतली. संघटनेचे मुख्यालय नवी मुंबईत वाशी येथे असून देशाच्या अन्य शहरांतही तिच्या शाखा आहेत. विज्ञानातील स्त्रियांच्या प्रश्नावर ठराव करणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. संशोधिकेचे मूल दिवसभर कोठे राहील याचा विचार करणाऱ्या संस्था त्या काळी विरळा होत्या.

ग्रामीण भागातील कार्य

आयुष्याच्या उत्तरार्धात रणदिवे यांचे लक्ष आदिवासी मुलांच्या आरोग्याकडे वळले. अहमदनगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) अकोले तालुका हा सह्याद्रीच्या कुशीतला डोंगराळ, भरपूर पावसाचा आणि आदिवासी वस्तीचा प्रदेश आहे. तेथील सत्यनिकेतन या स्वयंसेवी संस्थेच्या सहकार्याने त्यांनी मुलांच्या पोषणस्थितीची माहिती गोळा केली. आदिवासी बालकांच्या रक्ताचा प्रतिकारशास्त्राच्या दृष्टीने अभ्यास करण्याचा एक प्रकल्पही त्यांनी हाती घेतला. राजूर आणि परिसरातील गावांत महिला वैज्ञानिक संघटनेच्या वतीने, शासनाच्या साहाय्याने चाललेल्या योजनांतून, त्यांनी ग्रामीण स्त्रियांना आरोग्य व आहार यांविषयी मार्गदर्शन केले. उंदरांच्या शुद्ध वाणांवर आयुष्य घालवलेल्या संशोधिकेला येथे निवडलेला आहार, ठरलेले तापमान आणि नोंदवलेली वंशावळ यांपैकी काहीही उपलब्ध नव्हते.

सन्मान

१९६४ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार रणदिवे यांना मिळाला. सुवर्णपदक आणि पंधरा हजार रुपये असे त्याचे स्वरूप होते. सूक्ष्मजीवशास्त्रातील कार्यासाठी वाटुमल प्रतिष्ठानचा पुरस्कारही त्याच वर्षी मिळाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांना मानद वैद्यकीय शास्त्रज्ञ म्हणून नेमले होते. १९८२ मध्ये वैद्यक क्षेत्रातील कामगिरीसाठी त्यांना पद्मभूषण हा सन्मान देण्यात आला. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

८ नोव्हेंबर २०२१ रोजी त्यांच्या १०४ व्या जयंतीनिमित्त गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकावले. सूक्ष्मदर्शकाजवळ बसलेल्या रणदिवे त्यात दाखवल्या होत्या.